‘प्रेझेंटली’ म्हणजे आत्ता

"या ना एकदा घरी" हे वाक्य कुणी खरं धरत नाही, म्हणून आपलं जग सुरळीत चाललं आहे. मी ते आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या माट्साबांना (इंदुरात मास्तरसाहेबांचं हे असं होतं), नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, सायकलचं कुलूप काढता काढता म्हणालो. वडीलधाऱ्या सहकाऱ्याशी निरोप घेताना काहीतरी गोड बोलावं, एवढाच हेतू. ते थांबले. छत्री डाव्या काखेत मारली, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "चला."

"कुठे, सर?"

"तुमच्या घरी. आत्ताच बोलावलंत ना?"

माझी खोली तेव्हा गावाच्या टोकाला, भंवरकुआंपलीकडे होती. आज तिथे क्लासवाल्यांच्या पाट्यांनी आकाश दिसत नाही. तेव्हा शेतं होती आणि संध्याकाळी कोल्ही ओरडायची. माट्साब माझ्या सायकलच्या बरोबरीने तिथवर चालत आले. खोलीत एक खुर्ची, दोरीवर वाळत घातलेला लेंगा आणि टोपलीत दोन बटाटे. मी बिनदुधाचा चहा केला. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि उठता उठता निकाल दिला, "चहा वाईट होता. पण तुम्ही बोलावलंत, मी आलो, तुम्ही दिलात, आणि सगळं एकाच दिवशी झालं. असं आमच्या इंदुरात हल्ली घडत नाही, गणितवाले!"

त्या दिवसापासून मी गणितवाला झालो. माझं खरं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

नंतर कळलं की शाळेतल्या प्रत्येकाला हा प्रसाद मिळालेला होता. ड्रॉइंगमास्तर एकदा सहज म्हणाले, "कधीतरी बसून चित्रांवर बोलू," तर माट्साब मधल्या सुट्टीत त्यांच्यासमोर येऊन बसले. त्यामुळे त्यांच्यासमोर आदरातिथ्य सुद्धा लोक तोंड सांभाळून करायचे. "या कधीतरी" हे वाक्य अर्ध्यावर आलं की समोरचा खोकायला लागायचा.

दिसायला म्हणाल तर शिडशिडीत, उंच. धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी आणि पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट. हे शेवटचं प्रकरण विजोड होतं, पण त्याचं कारण तयार असायचं. "आजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. बोलावणं आलं की खोगीर. आमच्या घरात हुकूम आणि पाऊल ह्यांच्यामध्ये कधी कुणी बसायला जागा ठेवली नाही. घोडा गेला, बूट राहिले."

आणि त्यांचा तो शब्द. प्रेझेंटली.

एखाद्या माणसाचं कुलदैवत असतं तसं त्यांचं हे इंग्रजी क्रियाविशेषण होतं. मला एक तास मोकळा असला की मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचो. नाटक फुकट असेल तर मी पहिल्या रांगेचा आग्रह धरत नाही. एके दिवशी धड्यात वाक्य होतं, राजा प्रेझेंटली येईल. माट्साबांनी अर्थ विचारला. सांवेरहून रोज बसने येणारा एक मुलगा उभा राहिला.

"थोड़ी देर में, माट्साब."

"कुणी सांगितलं?"

"गाइड में लिखा है."

"गाइडवाल्याला म्हणावं, प्रेझेंटली ये आणि माझ्यासमोर उभा राहा." मग खडू टेबलावर ठेवून ते वर्गाच्या मधोमध आले. "सकाळी हजेरीला तुम्ही काय ओरडता?"

"प्रेझेंट, सर!" सगळा वर्ग.

"म्हणजे काय? थोड्या वेळाने येतो? घरी आहे, जेवतोय? नाही. समोर आहे. लॅटिनमधून आलेला शब्द आहे हा. समोर असणं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. मग प्रेझेंटली म्हणजे काय व्हायला पाहिजे?"

"अब्भी!"

"शाब्बास. आणि होतंच तसं. चार-पाचशे वर्षांपूर्वी विलायतेतला राजा म्हणायचा, त्याला प्रेझेंटली हजर करा. की तो माणूस समोर उभा. मग काय झालं? नोकर म्हणायला लागले, हो महाराज, प्रेझेंटली! आणि गेले पान खायला." इथे माट्साबांनी पान लावून, गालात सारून, भिंतीला टेकून उभा राहिलेला एक विलायती नोकर असा हुबेहूब वठवला की त्या मुलानेही बाक वाजवला. "राजा वाट बघतोय. नोकर पान खातोय. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. शेवटी कोशवाल्यांनी हात टेकले आणि लिहिलं, प्रेझेंटली म्हणजे थोड्या वेळाने. सांगा आता, शब्दाचा अर्थ कुणी बदलला? पंडितांनी? राजाने? उशीर करणाऱ्यांनी! स्कॉटलंडात म्हणे अजून त्याचा अर्थ ‘आत्ता’ असाच टिकून आहे. डोंगरातली माणसं. त्यांच्याकडे पान मिळत नसावं."

वर्ग हसून लोळला. ते हसले नाहीत. हशा ओसरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, "तुम्ही हसू नका. तुमचं ‘आत्ता’ तरी कुठे धडधाकट आहे? आई पाणी मागते, तुम्ही म्हणता, आणतो आत्ता. ती माउली उठून स्वतः घेते."

त्या काळात त्यांना वैतागायला सगळं गावच मोकळं होतं. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि इंदूरच्या सगळ्या ‘आत्ता’चं ‘यथाशीघ्र’ झालं. शाळेच्या गळक्या छपराबद्दल वरून उत्तर यायचं, कारवाई यथाशीघ्र. माट्साब ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचायचे आणि बादली उचलून गळतीखाली सरकवायचे. एकदा हेडमास्तरांच्या शिपायाने येऊन सांगितलं, "साब थोड़ी देर में बुलाते हैं." माट्साब त्याच्याआधी हेडमास्तरांच्या टेबलापाशी पोचले. हेडमास्तर म्हणाले, "अहो, मी अजून तुम्हाला काय बोलायचं ते ठरवतोय." माट्साब म्हणाले, "ठरवा. मी समोर आहे."

मी एकदा धीर करून त्यांना विचारलं होतं, "सर, कुणी थोडा वेळ घेतला तर असं काय बिघडतं?"

"घेणाऱ्याचं काहीच बिघडत नाही," ते म्हणाले. "बिघडतं ते वाट बघणाऱ्याचं. तो तेवढा वेळ कुठेच नसतो."

हे बोलताना त्यांचा आवाज उतरला. का, ते मला त्यांच्या घरी जायला लागल्यावर कळलं.

घर राजेंद्र नगरात होतं. तेव्हा ती कॉलनी नुकती वसत होती. घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. दोन खोल्या, पुढे पायऱ्या, माट्साब, काकू आणि मुलगी कुमुद. कुमुद बी.ए. झालेली, बापासारखी उंच, आणि जिभेला बापापेक्षा धार. (नाही, वाचकहो, तुम्ही समजता तसं नाही. माझं लग्न ग्वाल्हेरला ठरलेलं होतं आणि हे कुमुदला माहीत होतं, म्हणून ती माझी मनसोक्त थट्टा करायची.)

दिवाळीनंतर तिला रामबागेतल्या एका घरातून बघून गेले होते. घरचे कर्ते दादासाहेब, होळकरांच्या दरबारात वाडवडिलांनी मोठी कामं केलेली, मुलगा बँकेत. पत्रिका जुळली, मुलगी पसंत पडल्यासारखी दिसली, पोहे संपले. निघताना दादासाहेब म्हणाले, "लवकरच कळवतो."

संक्रांत गेली. होळी गेली. पाडव्याला श्रीखंड झालं. रामबागेतून निरोप नाही.

आणि गंमत बघा; गंमत म्हणतो खरा, पण मला तेव्हाही हसू आलं नव्हतं. ज्या माणसाने उभ्या गावाला ‘या कधीतरी’ची दहशत घातली होती, तो इथे चूप. कारण मुलीकडच्यांनी विचारायला जायचं नसतं. विचारलं की मुलगी जड झाली असं दिसतं. ‘नाही’ असं तोंडावर सांगायचीही रीत नाही. मुलाकडचे नुसते कळवायचे थांबतात, आणि मुलीकडच्यांनी ते न कळवणं हळूहळू समजून घ्यायचं असतं. मधल्या काळात दुसरीकडे बघायचं नाही, कारण हे कदाचित हो म्हणतील. माट्साब रोज शाळेतून येताना पायरीवर बूट काढायचे आणि काकूंकडे बघायचे. काकू मान हलवायच्या. बस, एवढंच.

जूनमध्ये उज्जैनच्या ट्रेनिंग कॉलेजात कुमुदला जागा मिळाली. मास्तरकीचं शिक्षण, राहायला वसतिगृह. सोमवारी जाऊन दाखल व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. ती जायला एका पायावर तयार. काकूंनी मात्र पदर डोळ्यांना लावला.

"परगावी राहायला गेली असं रामबागेत कळलं तर संपलंच. ते लवकरच कळवणार म्हणालेत."

"आई, आषाढ आला," कुमुद म्हणाली. "आता मुहूर्त थेट तुळशीच्या लग्नानंतर. त्यांचं लवकरच तोवर म्हातारं होईल." मग माझ्याकडे वळून, "गणितवाले भाऊ, तुम्ही तरी सांगा ह्यांना. दोन्हीकडे एकदम कसं राहायचं, ह्याचं काही सूत्र आहे का तुमच्यात?"

तिने बापाकडे पाहिलं. "बाबा, मी जाऊ की थांबू? एवढंच सांगा. थांब म्हणालात तर थांबेन. पण मग मला पुन्हा असं विचारायला लावू नका."

माट्साब उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. रविवारी सकाळी माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला, गणितवाले. रामबागेत."

"सर, मुलीच्या बापाने..."

"मला रीत शिकवू नका. सोबत या."

दादासाहेबांचं घर दुमजली, टुमदार. ओसरीवर झोपाळा, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी, सगळे मिशाळ. दादासाहेबांनी तोंड भरून स्वागत केलं. "अरे वा! आइए माट्साब! अलभ्य लाभ!" पोहे आले, वर शेव, बाजूला जिलबी. माट्साबांनी हात जोडले. "मला नको. मुलीच्या सासरी बाप खात नाही."

दादासाहेब गोड हसले. "अहो, अजून कशात काही नाही, आणि..."

"तेच विचारायला आलोय. कशात काही आहे की नाही?"

मला कुठलीच रीत लागू नव्हती, म्हणून मी पोहे खात होतो. घास तसाच राहिला. अशा प्रश्नाची त्या ओसरीला सवय नव्हती. तसबिरीतले सुद्धा चपापल्यासारखे वाटले.

"बसा हं, मी आलोच," म्हणत दादासाहेब आत गेले.

आलेच नाहीत. आतून भांड्यांचे आवाज, कुजबुज, परत शांतता. माट्साब झोपाळ्यासमोरच्या खुर्चीवर ताठ बसून होते, टोपी मांडीवर. बऱ्याच वेळाने दादासाहेब डोकावले. आम्ही गेलो असू अशा आशेने डोकावले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"माट्साब, देखिए, ह्या गोष्टी अशा होत नाहीत. आम्ही लवकरच कळवू ना."

"मी समोर आहे. कळवा."

"अहो, पण घरात बोलायला हवं, वडीलधाऱ्यांना..."

"बोला. मी बसलोय."

ऊन चढलं. आतून आमटीला फोडणी दिल्याचा वास आला. मग तो क्षण आला, ज्याचा विचार माट्साब सोडून कुणीच केला नव्हता. रविवारचं जेवण, सगळं घर भुकेलं, आणि ओसरीवर पाहुणा. अशा घरात पाहुणा उपाशी बसलेला असताना कुणी पानावर बसत नाही. दादासाहेबांच्या पत्नी स्वतः बाहेर आल्या. त्यांच्यामागे दाराआडून कुणी लहान मूल "भूक लगी" म्हणून रडत होतं.

"भाऊसाहेब, पानं घेतली आहेत. चला, दोन घास खा."

माट्साब उभे राहिले. आवाज अगदी खालचा. "वहिनी, हे माझ्या मुलीचं सासर व्हायचं असेल तर मी इथे पाणीसुद्धा पिणार नाही. नमस्कार करीन आणि उपाशी घरी जाईन, आनंदाने जाईन. व्हायचं नसेल तर मी तुमचा साधा पाहुणा आहे. पाहुण्याने पोटभर जेवावं. तुम्ही मला पानावर बसवणार असाल तर बसवा. मी राग धरणार नाही. मला फक्त उद्याच्या आत कळायला हवं."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. दादासाहेब तसबिरींकडे बघत होते. झोपाळ्याची कडी उगाचच कुरकुरली. त्या बाईंचा चेहरा मी विसरलेलो नाही. कदाचित त्यांना कुमुद मनापासून हवी होती. कदाचित पुण्याचं कुठलं मोठं स्थळ येईल म्हणून वाट बघणारे दुसरेच कुणी होते. आम्हाला ते कधी समजलं नाही.

दादासाहेब शेवटी म्हणाले, "माट्साबांचं पान वाढा."

त्यांना वाटलं, आपण ‘नाही’ हा शब्द टाळला. खरं म्हणजे त्यापेक्षा स्पष्ट नकार मी आयुष्यात ऐकला नाही.

माट्साबांनी टोपी खुंटीला लावली. हातपाय धुतले. पाटावर बसले, चित्राहुती घातली आणि जेवायला लागले. घाई नाही, नाटक नाही. आमटीचं नाव घेऊन दाद दिली. मुलगा समोरच्याच पाटावर होता, बँकेतला, गोरा, खाली मान घातलेला. त्याने घास नुसते चिवडले. त्याला माट्साबांनी विचारलं, "बँकेत काम फार असतं का?" तो "हो" म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. वहिनी भात घेऊन आल्या. माट्साबांनी घेतला. त्या पुन्हा आल्या; पुन्हा घेतला. या वेळी वहिनींनी भातावर तूप जरा जास्तच ओतलं. विडा घेऊन माट्साब उठले, यजमानांना नमस्कार केला. "जेवण उत्तम झालं," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मी फार बारकाईने ऐकत होतो.

बाहेर टांगा उभा होता. त्यांनी नको म्हटलं. आम्ही चालत निघालो, जूनच्या त्या टळटळीत दुपारी. मग एका लिंबाखाली ते थांबले, बुंध्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "गणितवाले, इतकं चांगलं अन्न गिळायला इतके कष्ट पडतात हे मला ठाऊक नव्हतं."

 

राजेंद्र नगरात पोचलो तेव्हा कुमुद फाटकाशी उभी होती. काकू दारात, चौकटीला धरून. माट्साब पायरीवर बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. गाठ बसली होती, सुटेना. कुमुद खाली बसली, तिने ती सोडवायला घेतली, आणि मान वर न करता म्हणाली, "काय म्हणाले?"

"जेवायला घातलं."

काकूंनी तोंडावर पदर घेतला. कुमुदच्या बोटांत नाडी तशीच राहिली. तीही त्याच रीतीत वाढली होती. बापाला तिथे जेवायला घातलं म्हणजे काय, हे तिला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. मला वाटलं आता ती रडणार. ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही जेवलात?"

"दोनदा भात घेतला."

"दोनदा?"

"तूपही वाढलं त्यांनी. भरपूर."

कुमुद हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ती पायरीवरच बसून पोट धरून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. "बाबा, दोनदा!" काकू घाबरून बाहेर आल्या. माट्साब मात्र हसले नाहीत. ते मुलीकडे बघत होते, आणि त्यांच्या ओठांचा एक कोपरा सारखा थरथरत होता, तो त्यांना काही केल्या आवरता येईना.

हसू संपल्यावर ती उठली. डोळे मनगटाने पुसले, बापाचा दुसरा बूटही काढला आणि दोन्ही बूट जोडीने भिंतीशी लावून ठेवले. मग आत गेली. थोड्या वेळाने खाटेखालून ट्रंक ओढल्याचा खरखरीत आवाज आला. काकू दारातूनच म्हणाल्या, "अगं, ती जड आहे, एकटी ओढू नकोस," आणि पदर खोचून तिला हात द्यायला आत गेल्या.